गादीवरचं उखळ

लिफ्ट चालू असती तर पैज लागलीच नसती. काळुराम चौथ्यावर गेला असता, महेंद्र तिसऱ्यावर उतरला असता आणि दोन्ही घरांनी निवांत चहा घेतला असता. पण लग्नघर म्हटलं की लिफ्ट बंद पडणारच. घोडबंदर रोडच्या टॉवरात तर ती मुहूर्त बघून पडते. त्यामुळे काळुरामच्या मुलीच्या, करिश्माच्या हळदीच्या आदल्या दिवशी दोघं हातात पिशव्या घेऊन जिना चढत होते.

"चेअरमन, लिफ्ट कधी?" दुसऱ्या मजल्यावर महेंद्रने धापा टाकत विचारलं.

"मेकॅनिक निघालाय."

"तो परवापासून निघालाय. काशिमिऱ्यावरून चालत येतोय का?"

काळुराम चढत राहिला. गावदेवी हाइट्स त्याच्याच शेतावर उभी, त्यामुळे चेअरमन तोच, आणि त्यामुळे शिव्याही त्यालाच.

"बरं, उद्याचं काय?" महेंद्रने जखमेत बोट घातलं. "कांडणार का हळद? की नियम म्हणजे नियम?"

हा नियम काळुरामचाच. गेल्या वर्षी पाचव्या मजल्यावरच्या नीरजाताईंचा मुलगा डंबेल जमिनीवर टाकायचा, आणि खाली काळुरामच्या डोक्यावर. काळुरामने मीटिंग बोलावली, टेबलावर मूठ आपटली आणि ठराव केला: कुठल्याही मजल्यावर काही आपटायचं नाही, आदळायचं नाही, कांडायचं नाही. 'कांडायचं' हा शब्द त्याने उगाच, वाक्याला वजन यावं म्हणून घातलेला. लग्नघर सोडलं तर टॉवरात कोण काय कांडतंय? नीरजाताईंना सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. आणि आता काळुरामच्याच घरात लग्न, हळद उखळात कांडल्याशिवाय लागत नाही, आणि नीरजाताई आठवडाभर जिन्यात कान लावून उभ्या.

"मितेशनं सोय केलीय," काळुराम म्हणाला. "त्याची ती ड्रम मशीन हाय ना? तिच्यात मुसलाचा आवाज बनवलाय. हलद मिक्सरला लावू, मशीन वाजेल, बाय गाईल. झालं."

महेंद्रने पिशवी खाली ठेवली. हसायला दोन्ही हात मोकळे हवेत, असा त्याचा हिशोब. "बायजाबाई? मशीनवर? काळुशेठ, मितेशच्या लग्नात गाण्यामध्येच बँड वाजला म्हणून त्यांनी बँडवाल्यावर हळदीची बादली ओतलेली. मी त्याच्या मागे उभा होतो. माझी पॅन्ट अजून पिवळी आहे."

"माजी बहीन हाय. मी बोल्लो की गाईल."

"नाही गाणार."

"गाईल!"

"लावता पैज? जो हरेल त्याने उद्या हळदीला बायकांच्या पर्सा सांभाळायच्या. खुर्ची टाकून, पुढे, सगळ्यांना दिसेल असं. पर्सा हातात नाही, गळ्यात."

हे काम मागच्या वेळी महेंद्रच्या बायकोने, मायाने, त्याच्याच गळ्यात घातलेलं. तो त्या दिवसापासून गिऱ्हाईक शोधत होता.

"लावली," काळुराम म्हणाला. वॉचमन गोविंदा खालून ओरडला, "मी साक्षीला हाय हो चेअरमन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुरामच्या मुलाची, मितेशची मशीन डायनिंग टेबलावर मांडलेली, शेजारी छोटा स्पीकर. समोर पाटावर बायजा आत्या मशेरी लावत बसलेली. बायजा म्हणजे काळुरामची थोरली बहीण, आणि आसपासच्या सगळ्या पाड्यांची धवलारीण. लग्नातला प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकायचा. ती थांबली की भटजीपण थांबायचा.

मितेश हळदीच्या कार्यक्रमांत पॅड वाजवायचा. नाशिक ढोल, ढोलकी, ताशा, सगळं त्याच्या बोटाखाली तयार. पण मुसळाचा आवाज कोणाकडेच नव्हता. त्याने तो शून्यातून उभा केलेला. एक खोल सूर घ्यायचा, आपटल्याबरोबर झपकन खाली घसरवायचा, लगेच दाबून टाकायचा, आणि सुरुवातीला लाकूड लाकडावर बसल्याची बारीक कचकच जोडायची. बायको देवयानी त्याला चार वेळा जेवायला बोलावून थकलेली.

"ऐक हां आत्या." त्याने पॅड दाबला.

धप्प!

"काय रं, लिफ्ट परली का?"

"आत्या, हे मुसळ आहे."

"नाय रं पोरा. लिफ्ट परली."

मितेशने सूर वर चढवला. धप.

"यो नीरजाबायचा दरवाजा."

त्याने कचकच वाढवली. धक.

"हां. जवल आलास. पन यो मुसल आतून पोकल हाय. किरा लागलेला."

मितेशने दात आवळले, आवाजाच्या पोटात थोडा भराव टाकला, पुन्हा दाबला. बायजाचं मशेरीचं बोट तसंच राहिलं. मितेशला कळलं, जमलं. त्याने घाईघाईने दुसरं मुसळ जरा चढ्या सुरात बनवलं, कारण कांडायला दोन बायका लागतात, आणि ठेका सुरू केला. धक-धप, धक-धप.

बायजाने डोळे मिटून गाणं उचललं.

"पयली हलद कांडा गो, देवाच्या नावानं..."

किचनमधून देवयानी बाहेर आली. मेंदी काढलेले हात हवेत धरून करिश्मा आली. काळुराम सोफ्यावर ताठ बसला, जणू मशीन त्यानेच शोधलेली. दोन ओळी झाल्या, तिसऱ्या ओळीच्या शेवटी बायजा थांबली, आणि मशीन धक-धप करत सरळ पुढे निघून गेली.

"थांबव त्याला."

"आत्या, लूप आहे. तो चालूच राहतो."

"मी पन सत्तर वरसं चालूच हाय. तरी थांबते."

"पण का थांबतेस?"

"हलद उराते ना भाईर! मंग येक बाय मुसल वर धरून ऱ्हाते, दुसरी हातानं हलद मधी लोटते. तवा मी दम घेते. तुजी मशीन हलद कवा लोटते?"

मितेशने मान डोलवली. एवढंच ना? ठरावीक ठोक्यांनंतर गॅप टाकला. पुन्हा सुरू. पहिल्याच गॅपला बायजा मोठ्याने गात होती आणि मशीन गप्प.

"हितं नाय! हलद आजून भाईर नाय आली."

त्याने गॅप पुढे ढकलला.

"आता लय आली. सांडली खाली."

"आत्या, हळद आहे कुठे? उखळ रिकामं आहे! हळद मिक्सरमध्ये आहे!"

"तेच बोलते मी कवाधरनं!"

मितेशने कपाळ टेबलावर टेकवलं. काळुराम उठला. त्याचा जीव पर्सांमध्ये अडकलेला.

"बाय, थोरं ॲडजेस्ट कर ना. मशीन थांबत नाय तं तू थांबू नको. दम आदीच घेऊन ठेव."

"दम काय पान्याची टाकी हाय? भरून ठेवू?"

"मितेश, तू सरक. असं दाबायचं ना हे?"

"पप्पा, तो नको!"

काळुरामने नेमका तोच दाबला. मशीनमधून पोलिसांचा सायरन सुटला. त्याने घाबरून शेजारचा दाबला. घोडा खिंकाळला. तिसरा दाबला, तर मितेशचाच रेकॉर्ड केलेला आवाज गरजला, "हात वर! एकविरा मातेच्या नावानं चांगभलं!" सायरन चालूच. देवघरासमोर फुलं मांडणाऱ्या मावशीने सवयीने हात वर केले.

अशा वेळी माया थर्मास घेऊन दारात उभी राहिली. माया मनाची साधी. ती फक्त चहा द्यायला आलेली.

"भाऊजी, कसं चाललंय? आमचे हे सकाळपासून खुशीत आहेत. म्हणाले, पैज जिंकल्यात जमा आहे, बायजाताई मशीनवर गायच्या नाहीत म्हणजे नाहीत..."

मितेशने सायरन बंद केला. त्यामुळे मायाचं शेवटचं वाक्य फारच स्वच्छ ऐकू आलं.

बायजाने तोंड धुतलं. हळू, व्यवस्थित, नॅपकिनने पुसत. मग काळुरामसमोर येऊन उभी राहिली.

"माज्यावर पैज लावलीस?"

"बाय, मस्करीत गो."

"मी काय शर्यतीतला बैल हाय?"

"जिन्यात बोलता बोलता झालं. लिफ्ट बंद होती."

"लिफ्ट बंद होती म्हनून बहिनीवर पैज!"

ती आतल्या खोलीत गेली आणि लुगडी पिशवीत कोंबायला लागली. मशीनचा तिला राग नव्हता. खरं सांगायचं तर चौथ्या वेळचा तो 'धक' ऐकून तिच्या अंगावर काटा आलेला. पोराच्या बोटात काहीतरी होतं. राग वेगळाच होता. बिल्डिंग बांधायची ठरली तेव्हा काळुरामने आर्किटेक्टला सगळं विचारलेलं. गाडी कुठे लागणार, जनरेटर कुठे, गणपती कुठे बसणार. हळद कुठे कांडणार, हे कोणी विचारलं नाही. देव चौथ्या मजल्यावर चढले, त्यांच्याबरोबर उखळ चढलं, आणि ते वाजवायला बंदी, तीही सख्ख्या भावाने घातलेली. आणि आता बाय गाईल हे त्याने शेजाऱ्याला जिन्यात सांगितलं. बायला नाही सांगितलं.

खोलीच्या दारात करिश्मा आडवी बसली. हात वापरता येत नव्हते, म्हणून तिने सगळं अंगच वापरलं.

"सरक."

"नाही सरकत. मला ओलांडून जा."

"करिश्मा, मेंदी लागेल माज्या लुगऱ्याला."

"लागू दे. आत्या, तू नाही गायलीस तर मी पाटावर बसणार नाही. हळद नाही, लग्न नाही. त्यांच्याकडच्यांना तूच फोन करून सांग."

"तुज्या बापाला सांगाला सांग. तो लय बोलतो."

करिश्माची आई ती चालायला शिकायच्या आधी गेलेली. तिची वेणी, तिचा ताप, तिचं पहिलं ऑफिस, सगळं आत्याने बघितलेलं. आज आत्या नसेल तर हळद लावणारे हात खूप होते, पण त्यातला एकही तिला नको होता. हे बोलायला गेली तर रडू येणार आणि रडली तर मेंदीच्या हाताने नाक पुसता येणार नाही. म्हणून ती ओरडली.

"तुम्ही सगळे एकाच घरातले कसे आहात? पप्पांना नियम हवा आणि हळद पण हवी. दादूसला आत्या मशीनच्या मागे धावायला हवी. मशीनला कळत नाही तर मशीनला धावव ना! दादूस, तुमच्या ढोलकीवाल्याच्या ढोलकीला तू काय चिकटवतोस? ती चकती?"

"ट्रिगर," मितेश बाहेरून म्हणाला. "ढोलकीवर थाप पडली की चकतीला समजतं, आणि मशीन आवाज काढते." बोलता बोलता त्याचं तोंड उघडं राहिलं.

"मग ती उखळाला चिकटव! खाली मंडपवाल्याच्या गाद्या पडल्यात, त्यांच्यावर उखळ ठेवा. खरी हळद घाला. खालच्यांना आदळआपट जाणवणार नाही. मुसळ पडेल तेव्हाच मशीन वाजेल. मुसळ थांबलं की गप्प!"

माया थर्मास धरून अजून दारातच उभी होती. तीच पहिली बोलली. "गाद्या आणायला आमच्या ह्यांना पाठवते. फार मोकळे आहेत ते."

"मी अजून हो नाय बोलले," आतून बायजा म्हणाली.

सगळे काळुरामकडे बघायला लागले. करिश्मा दारातून उठलीच नाही; तिने फक्त मान वळवली. "पप्पा. विचारा तिला."

काळुराम खोलीच्या उंबऱ्याशी गेला. चेअरमनकीत त्याला विचारायची सवय राहिली नव्हती. त्याने घसा साफ केला, टोपी काढली, परत घातली.

"बाय... कसं कराचं, तू सांग. नियम मोराचा तं मोरतो. नीरजाबायचे पाय धरतो. मशीन नको तं मशीन नको. तू सांगशील तसं."

पिशवीत कोंबणारे हात थांबले.

"ह्ये आदी इचाराला काय झालेलं?"

"काय नाय झालेलं. अक्कल नव्हती."

बायजाने एक लुगडं पिशवीतून परत बाहेर काढलं. मग म्हणाली, "गाद्या तीन लागतील. दोन खचतात. मुसल मावशी आनि देवयानी धरतील. आनि मितेश, त्यो पोकलवाला आवाज नाय लावायचा, त्यो मंगचा लाव."

चार मजले गाद्या वाहताना महेंद्रने प्रत्येक पायरीवर काळुरामच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. आपणच आपल्या पराभवाच्या गाद्या वर नेतोय, हे त्याला अर्ध्या जिन्यात कळलं, तेव्हा तो एकटाच हसायला लागला.

तो घरी येऊन सोफ्यावर आडवा झाला आणि छताकडे डोळे लावले. मितेशच्या लग्नात वर हळद कांडताना याच छतातून दिवा सुटून भजीच्या ताटात पडलेला. आता वरून काहीच नाही. पंखा फिरत होता. मग उघड्या खिडकीतून गाणं उतरलं, आणि त्याच्याखाली ठेका. धक-धप. धक-धप. मध्येच ठेका थांबला. गाणं पण थांबलं. वर कोणीतरी हाताने हळद लोटत असणार. मग एक मुसळ पडलं, दुसरं पडलं, आणि बायजाबाई पुढच्या ओळीत शिरल्या, सहज, जशी बाई आपल्याच घरात शिरते.

"सुंदर गं," महेंद्र छताला म्हणाला.

चौथ्यावर मितेश मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेला. वाजवायला काहीच नव्हतं. मावशीचं मुसळ जोरात पडलं की आवाज जाड यायचा, देवयानीचं जरा तिरकं पडलं की कचकच वाढायची. दोघींचा ठेका कुठे सारखा नव्हता. एरवी त्याने तो स्क्रीनवरच्या मोजलेल्या रेघांवर, ग्रिडवर, ओढून सरळ केला असता. आज त्याने स्क्रीनच झाकून टाकली.

बायजाने गाण्यात देवांची नावं घेतली, वाडवडिलांची घेतली. मग करिश्माच्या आईचं नाव आलं. त्या वेळी हळद बाहेर आलेली नव्हती, तरी दोघींनी मुसळं वर धरून ठेवली. मशीनही गप्प राहिली. तिला राहायलाच लागलं.

महेंद्र पराभव कबूल करायला वर आला. "चेअरमन, हरलो. बाई गायल्या, मशीन वाजली. संध्याकाळी खुर्ची तयार ठेवा."

काळुराम दाराशी डोळे पुसत होता. "संध्याकाली बगू," म्हणाला.

संध्याकाळी खाली मंडपात लाइटी लागल्या, करिश्माला हळद लागली, सगळ्यात आधी आत्याच्या हाताने. मितेशने पॅड सुरू केला आणि बायका उठल्या. महेंद्र पँट वर ओढत पुढच्या खुर्चीकडे निघाला, तर खुर्चीवर काळुराम. पांढरा शर्ट, टोपी, दोन्ही हात पुढे.

"काळुशेठ, उठा. माझी जागा आहे ती."

"मी हरलोय."

"अरे, गायल्या ना त्या!"

काळुरामने मितेशच्या हातातला माइक मागून घेतला. मंडपातले सगळे वळले. चेअरमनने माइक घेतला की नवीन नियम येतो, हा अनुभव.

"सोसायटीतल्या लोकांना सांगतो," तो म्हणाला. "मी महेंद्रशी पैज लावलेली की मी बोल्लो की माजी बहीन गाईल. मी बोल्लो, तवा ती पिशवी भराला लागली. मंग मी इचारलं, तवा गायली. म्हनून मी हरलो. पर्सा आना."

मायाने आपली पर्स काढून त्याच्या गळ्यात अडकवली. मग देवयानीने. मग नवऱ्याकडच्या बायका आल्या, आधी लाजत, मग रांग लावून. मोत्यांच्या, टिकल्यांच्या, ऑफिसच्या, एक तर प्रवासी बॅगच होती. गोविंदा मोबाइलवर शूटिंग करत होता. नीरजाताई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी आपली चामड्याची पर्स नीट त्याच्या मांडीवर ठेवली आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सांभाळून हं, चेअरमन. आपटायची नाही, आदळायची नाही."

"कांडायची पन नाय," काळुराम म्हणाला. नीरजाताई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीला धरावं लागलं.

पर्सांच्या ढिगातून काळुरामचं फक्त तोंड दिसत होतं. पोरीच्या हळदीत सगळा गाव नाचत होता आणि गावातला सगळ्यात भारी नाचणारा खुर्चीला चिकटून बसलेला. त्याचा एक पाय आपोआप हलत होता. त्याने तो दुसऱ्या पायाने दाबून धरला.

बायजा घोळक्यातून बाहेर आली, हळदीने पिवळी, घामाने ओली. तिने भावाचा दंड धरला.

"उठ."

"बाय, पर्सा हाईत."

"मंग पर्सा घेऊन उठ. पोरीची हलद हाय तुज्या."

काळुराम उठला. पहिली गिरकी घेतली तशा सगळ्या पर्सा एकदम उडाल्या आणि छातीवर आपटल्या. आतल्या चाव्या, डब्या, चिल्लर, कोणाच्या तरी गोळ्यांची बाटली, सगळं एका दमात खळखळलं. दुसऱ्या गिरकीला पुन्हा. मितेशचा पॅडवरचा हात मध्येच थांबला.

"वाजवाला काय झालं रं?" बायजा ओरडली.

"एक मिनिट आत्या," मितेश ओरडला आणि माइक घेऊन बापाच्या पर्सांकडे धावला. "पप्पा, थांबू नका! परत उडी मारा! हा आवाज माझ्याकडे नाहीये!"